सौम्य योद्ध्याचा अंत : ‘इलियड’मधील पॅट्रोक्लसची व्यक्तिरेखा आणि युद्धाची किंमत

प्रस्तावना

होमरचे ‘इलियड’ हे ग्रीक महाकाव्य २४ सर्गांचे असून त्याच्या ओळी सुमारे १५,७०० आहेत. आपल्याकडे महाविद्यालयीन पातळीवर या काव्याचा अभ्यास बहुधा इंग्रजी अनुवादाच्या आधारे आणि व्यक्तिरेखांच्या टिपांच्या स्वरूपात होतो. अकिलीज म्हणजे क्रोध, हेक्टर म्हणजे कर्तव्य, नेस्टर म्हणजे वार्धक्यातील शहाणपण आणि पॅट्रोक्लस म्हणजे एकनिष्ठ मित्र, अशी समीकरणे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हमखास आढळतात. त्यांतील पॅट्रोक्लसचे समीकरण सर्वांत अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पॅट्रोक्लसविषयी सामान्यतः दोन भूमिका घेतल्या जातात. पहिल्या भूमिकेनुसार तो कथानकाची गरज म्हणून आलेला आहे. रुसून बसलेल्या अकिलीजला पुन्हा रणांगणावर आणण्यासाठी कोणाचा तरी मृत्यू आवश्यक होता, तो पॅट्रोक्लसच्या वाट्याला आला. २००४ मधील ‘ट्रॉय’ या चित्रपटात तो अकिलीजचा लहान, अननुभवी चुलतभाऊ झाला, ते या भूमिकेला धरूनच होय. मूळ काव्यात मात्र तो अकिलीजहून वयाने मोठा आहे. दुसरी भूमिका याच्या उलट आहे. तीत पॅट्रोक्लस हा क्रूर जगातला एकमेव निष्पाप, दयाळू पुरुष ठरतो. फ्रेंच विचारवंत सिमोन व्हेल यांनी १९४०-४१ मध्ये, फ्रान्सच्या पराभवानंतरच्या काळात प्रसिद्ध केलेल्या ‘इलियड’वरील निबंधात, पॅट्रोक्लसच्या हातून संपूर्ण काव्यात एकही क्रूर कृत्य घडत नाही, अशा आशयाचे विधान केले आहे. बळाच्या स्पर्शाने माणसाची वस्तू होते, हा त्या निबंधाचा मध्यवर्ती सिद्धान्त विसाव्या शतकातील होमर-समीक्षेत अतिशय प्रभावी ठरला. पॅट्रोक्लसविषयीचे विधान मात्र काव्याच्या संहितेवर टिकत नाही.

होमरने पॅट्रोक्लसला सौम्य म्हटले आहे हे खरे. पण त्याच पॅट्रोक्लसला त्याने निर्दय होताना दाखवले आहे, हेही तितकेच खरे. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. युद्धाची किंमत होमर मृतांच्या संख्येने मोजत नाही. सौम्यता कोणकोणत्या टप्प्यांवर नष्ट होत जाते, हे दाखवून तो ती मोजतो, आणि या मोजणीसाठी मौखिक काव्यपरंपरेतील ठरीव ओळींचा तो अत्यंत अर्थपूर्ण उपयोग करतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. मृत्यूपूर्वीचा पॅट्रोक्लस : मौन आणि शुश्रूषा

पहिल्या दहा सर्गांत पॅट्रोक्लस एक शब्दही बोलत नाही. पहिल्या सर्गात ॲगमेम्ननचे दूत ब्रायसिसला न्यायला येतात, तेव्हा अकिलीजच्या सांगण्यावरून तो तिला तंबूबाहेर आणून त्यांच्या स्वाधीन करतो. नवव्या सर्गात अकिलीज वाद्य वाजवून पूर्वजांच्या पराक्रमाची गाणी गात असतो आणि पॅट्रोक्लस समोर बसून गाणे संपण्याची वाट पाहतो. मनधरणीसाठी सरदार येतात तेव्हा तो विस्तव करतो, पाहुण्यांपुढे भाकरीच्या टोपल्या ठेवतो आणि वृद्ध फिनिक्ससाठी अंथरूण घालण्याची आज्ञा दासींना देतो. सरदारांच्या भाषणांनी भरलेल्या या सर्गात त्याच्या वाट्याला केवळ कृती आल्या आहेत.

अकराव्या सर्गात तो प्रथम बोलतो. जखमी होऊन परतणारा योद्धा कोण, याची चौकशी करण्यासाठी अकिलीज त्याला हाक मारतो आणि तो तंबूतून बाहेर येतो. कवी तेथेच सांगून टाकतो की, त्याच्या अनिष्टाची ही सुरुवात होती. हाकेला ओ देणे हाच त्याच्या मृत्यूचा आरंभ ठरतो. नेस्टर त्याला त्याच्या वडिलांचा, मेनोइटिअसचा, उपदेश आठवून देतो. अकिलीज कुळाने श्रेष्ठ आहे, पण तू वयाने मोठा आहेस; त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत जा, असा तो उपदेश होता. हा निरोप घेऊन घाईने परतत असताना वाटेत त्याला मांडीत बाण रुतलेला युरिपिलस लंगडत येताना दिसतो. पॅट्रोक्लस थांबतो. त्याला आधार देऊन तंबूत नेतो, सुरीने बाण कापून काढतो, कोमट पाण्याने रक्त धुतो आणि कडू मुळी हातांनी चुरून जखमेवर लावतो. ही विद्या त्याला अकिलीजकडून आणि अकिलीजला कायरॉन या सेंटॉरकडून मिळालेली आहे. या प्रसंगानंतर कथानक तटबंदीवरील लढाईकडे वळते. थेट पंधराव्या सर्गात कवी परत येतो, तेव्हाही पॅट्रोक्लस युरिपिलसशेजारी बसून त्याच्याशी बोलत, त्याच्या वेदनांवर औषध लावत असतो. सैन्य मोडल्याचा आरडाओरडा ऐकू आल्यावरच तो उठतो.

कथानकाच्या दृष्टीने ही शुश्रूषा अडथळाच आहे. निरोप तातडीचा आहे आणि निरोप्या मध्येच थांबला आहे. निव्वळ निमित्तमात्र पात्राला कवीने असे थांबवले नसते. पॅट्रोक्लसची सौम्यता येथे विशेषणांनी सांगितलेली नाही. ती हातांच्या हालचालींतून आलेली आहे. पुढील सर्गात हेच हात काय करतात, ते पाहण्यासाठी वाचकाने हा प्रसंग लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

२. रणांगणावरील पॅट्रोक्लस

‘पॅट्रोक्लिया’ या नावाने ओळखला जाणारा सोळावा सर्ग अश्रूंनी सुरू होतो. उंच कड्यावरून काळे पाणी ओघळावे तसा पॅट्रोक्लस रडत अकिलीजसमोर उभा राहतो. आईचे वस्त्र ओढून ‘उचलून घे’ म्हणणाऱ्या लहान मुलीची उपमा अकिलीज त्याला देतो. या उपमेत थट्टा आहे, तशी मायाही आहे. पॅट्रोक्लसचे उत्तर कठोर आहे. पेलेअस तुझा पिता नव्हे आणि थेटिस तुझी माता नव्हे, समुद्राने आणि कड्यांनी तुला जन्म दिला असावा, इतके तो बोलून जातो. स्वतः लढत नसशील तर तुझे चिलखत देऊन मला पाठव, अशी विनंती तो करतो. आपण आपलाच मृत्यू मागत आहोत हे त्या भोळ्याला कळत नव्हते, असे कवी म्हणतो. अकिलीज परवानगी देतो. मात्र जहाजांपासून शत्रूला मागे रेटून परत ये, ट्रॉयच्या दिशेने पुढे जाऊ नकोस, असे बजावतो.

जहाजांना लागलेली आग विझते आणि पॅट्रोक्लसचे ठरलेले काम संपते. तो परतत मात्र नाही. यानंतरच्या तीन प्रसंगांकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे.

पहिला प्रसंग थेस्टरचा. भयाने गोठलेला हा ट्रोजन योद्धा रथात अंग चोरून बसला आहे आणि लगाम त्याच्या हातून सुटले आहेत. तो लढत नाही, पळतही नाही. पॅट्रोक्लस त्याच्या जबड्यात भाला खुपसतो आणि कोळ्याने खडकावर बसून गळाला लागलेला मासा ओढावा तसा त्याला रथाच्या कठड्यावरून ओढून काढतो.

दुसरा प्रसंग सार्पेडॉनचा. झ्यूसच्या या पुत्राला ठार केल्यावर पॅट्रोक्लस त्याच्या छातीवर पाय देऊन भाला उपसतो आणि भाल्याबरोबर आतले अवयव बाहेर येतात. युरिपिलसच्या मांडीतून बाण काढणारे हात आणि सार्पेडॉनच्या छातीतून भाला उपसणारे हात एकाच माणसाचे आहेत. शरीरात रुतलेले शस्त्र बाहेर काढण्याची ही एकच क्रिया पहिल्या ठिकाणी जीव वाचवण्यासाठी होते, दुसऱ्या ठिकाणी जीव घेऊन.

तिसरा प्रसंग सर्वांत बोलका आहे. हेक्टरचा सारथी सेब्रिओनिज याच्या कपाळावर पॅट्रोक्लस दगड मारतो. त्याचे डोळे धुळीत पडतात आणि तो पाण्यात सूर मारणाऱ्या पाणबुड्यासारखा रथातून खाली कोसळतो. त्यावर पॅट्रोक्लस विनोद करतो. काय हा चपळ माणूस, समुद्रावर असता तर बुड्या मारून शिंपल्या काढून कितीतरी जणांचे पोट भरले असते, ट्रोजन लोकांतही असे बुडीबहाद्दर आहेत म्हणायचे, या आशयाचे त्याचे बोलणे आहे. भाजीभाकरी वाढणारा, जखमा धुणारा पॅट्रोक्लस आता एका फुटलेल्या डोक्याची चेष्टा करीत आहे, तीही लोकांना जेवू घालण्याच्या भाषेत.

सिमोन व्हेल यांचे विधान या प्रसंगांपुढे टिकू शकत नाही. तथापि, त्यांचा मूळ सिद्धान्त यामुळे कोसळत नाही, उलट अधिक बळकट होतो. बळ हाती आलेल्या माणसालाही ते बदलून टाकते, हे त्यांनीच म्हटले आहे. पॅट्रोक्लसला त्यांनी अपवाद मानले. होमरने मानले नाही. कवीने येथे पॅट्रोक्लसची बाजू सावरलेली नाही. ज्याची चेष्टा झाली त्या सेब्रिओनिजलाच त्याने न्याय दिला आहे. त्याच्या प्रेतावरून दोन्ही सैन्ये झुंजत असताना, धुळीच्या वावटळीत तो आपल्या भव्यपणात पसरून पडला होता आणि घोडे हाकण्याची आपली विद्या विसरून गेला होता, असे कवी सांगतो. विजेत्याने काढलेल्या उपहासाच्या उद्गारांना कवीने दिलेले हे उत्तर आहे.

पुढे पॅट्रोक्लस तीनदा चाल करून जातो आणि प्रत्येक वेळी नऊ जणांना मारतो. या २७ जणांपैकी एकाचेही नाव कवी देत नाही. एरवी मरणाऱ्याचे नाव, गाव आणि आईबाप सांगितल्याशिवाय पुढे न जाणारा होमर येथे केवळ आकडा देतो. मारणाऱ्याच्या लेखी माणसे मोजण्यापुरती उरली, म्हणजे त्याचा स्वतःचा अंत जवळ आला, असा हा संकेत मानता येईल. चौथ्या चालीच्या वेळी ॲपोलो त्याच्या पाठीवर थाप मारतो, शिरस्त्राण धुळीत गडगडते, भाला मोडतो, चिलखत सुटते. युफोर्बस मागून भाला मारतो आणि माघार घेत असलेल्या, निःशस्त्र पॅट्रोक्लसला हेक्टर ठार करतो. भयाने गोठलेल्या थेस्टरची जी अवस्था होती, तीच आता पॅट्रोक्लसची झालेली आहे.

३. कवीचे संबोधन : तीन ओळींची तुलना

सोळाव्या सर्गात कवी आठ वेळा पॅट्रोक्लसला द्वितीय पुरुषात संबोधतो. कथा सांगता सांगता तो पात्राकडे वळतो आणि ‘तू’ म्हणून बोलतो. मेनेलेअसच्या बाबतीतही काव्यात असे संबोधन आढळते. परंतु एकाच सर्गात इतक्या वेळा दुसऱ्या कोणालाही कवीने अशी हाक मारलेली नाही.

या संबोधनाला काव्यात्म अर्थ आहे की ती केवळ वृत्ताची सोय आहे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मिलमन पॅरी यांनी १९२८ पासूनच्या संशोधनातून होमरची शैली मौखिक परंपरेतील ठरीव शब्दबंधांवर उभी असल्याचे सिद्ध केले. पॅट्रोक्लसच्या नावाचे संबोधनरूप षट्पदी वृत्तात सहज बसते, हेही खरे आहे. परंतु वृत्ताच्या सोयीने संबोधन का शक्य झाले एवढेच कळते; ते याच सर्गात का एकवटले, हे कळत नाही. पॅट्रोक्लसचे नाव काव्यभर येत असताना कवीची ही हाक तो मरतो त्या सर्गापुरतीच आहे.

या आठ संबोधनांपैकी तीन ओळी एकाच साच्याच्या आहेत. त्या तिन्हींमध्ये ‘तू त्याला म्हणालास, हे रथी पॅट्रोक्लस’ एवढा भाग कायम राहतो. बदलते ते केवळ ओळीच्या आरंभी येणारे, बोलणाऱ्याची अवस्था सांगणारे कृदन्त. सर्गाच्या आरंभी तो अकिलीजशी बोलतो तेव्हा ते ‘जड उसासे टाकीत’ या अर्थाचे आहे. सेब्रिओनिजच्या प्रसंगी ते ‘उपहास करीत’ या अर्थाचे होते. हेक्टरशी अखेरचे बोलताना ते ‘क्षीण होत’ या अर्थाचे होते. उसासा, उपहास आणि क्षीणता या तीन अवस्थांत पॅट्रोक्लसचा संपूर्ण प्रवास सामावला आहे.

विशेष म्हणजे कवीची जवळीक मधल्या अवस्थेतही तुटत नाही. पॅट्रोक्लस सर्वाधिक निष्ठुर असतो त्या क्षणीही कवी त्याला त्याच आपुलकीने हाक मारतो. या हाकेत समर्थन नाही आणि धिक्कारही नाही. वाट चुकलेल्या माणसाला मागून कोणी ओळखीच्या नावाने हाक मारावी, तसा तिचा स्वर आहे. ठरीव शब्दबंध हे मौखिक कवीचे केवळ स्मरणाचे साधन होते, असे मानणाऱ्यांनी या तीन ओळी एकत्र ठेवून वाचाव्यात. साचा तोच राहतो, म्हणूनच त्यातील बदल ऐकू येतो.

४. मृत्यूनंतरची साक्ष

पॅट्रोक्लसच्या सौम्यतेचा उच्चार करणारी विशेषणे मुख्यत्वे त्याच्या मृत्यूनंतर येतात. त्यांतील ‘एनेएस’ म्हणजे कनवाळू आणि ‘मेइलिखोस’ म्हणजे मृदू स्वभावाचा, ही दोन महत्त्वाची होत. ती कोणाच्या तोंडी येतात हे पाहिले असता कवीची योजना स्पष्ट होते.

सतराव्या सर्गात हेक्टर अकिलीजचे चिलखत अंगावर चढवतो तेव्हा झ्यूस मनाशी म्हणतो की, याने अकिलीजच्या कनवाळू आणि बलवान सोबत्याला मारले. त्याच सर्गात मेनेलेअस, पहिलटकरीण गाय वासरावर उभी राहावी तसा, पॅट्रोक्लसच्या प्रेताचे रक्षण करतो. बिचाऱ्या पॅट्रोक्लसचा कनवाळूपणा आठवा, जिवंत असताना सर्वांशी मृदूपणे वागणे त्याला माहीत होते, असे तो सोबत्यांना बजावतो. अकिलीजचे अमर घोडे थडग्यावरील शिळेसारखे निश्चल उभे राहून अश्रू ढाळतात, त्यांच्या आयाळी धुळीत लोळतात. एकविसाव्या सर्गात प्रायमचा पुत्र लायकेऑन अकिलीजचे पाय धरून जीवदान मागतो. तुझ्या कनवाळू आणि बलवान सोबत्याला मारणाऱ्या हेक्टरचा मी सख्खा भाऊ नव्हे, असे तो म्हणतो आणि झ्यूसने वापरलेलीच दोन विशेषणे त्याच्या तोंडी येतात. देवांचा राजा, स्वपक्षातील सरदार आणि शत्रूपक्षातील राजपुत्र यांची साक्ष एकच आहे. त्या साक्षीत ‘कनवाळू’ आणि ‘बलवान’ हे दोन शब्द जोडीने येतात, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. युद्धाने या जोडीतील पहिला शब्द आधी संपवला आणि दुसरा नंतर.

या साक्षींना आणखी एक जोड तेविसाव्या सर्गात मिळते. पॅट्रोक्लसचा आत्मा अकिलीजच्या स्वप्नात येतो आणि लहानपणीची एक घटना सांगतो. हाडांच्या फाशांच्या खेळात रागावून त्याने ॲम्फिडॅमसच्या मुलाला नकळत ठार मारले होते; त्यामुळेच वडिलांनी त्याला घर सोडून पेलेअसच्या आश्रयाला आणले. काव्यभर ज्याच्या सौम्यतेचे गोडवे गायले गेले, त्याच्या आयुष्याचा आरंभच एका हत्येने झालेला आहे, हे वाचकाला तो मेल्यावर कळते. पॅट्रोक्लसची सौम्यता उपजत निरागसता नव्हती. क्रोधाचा परिणाम काय होतो हे भोगलेल्या मुलाने पुढे कमावलेला तो स्वभाव होता, असा अर्थ यातून काढता येतो. कमावलेली वस्तू गमावण्याचे दुःख वेगळे असते. युद्धाने पॅट्रोक्लसला एका दिवसात पुन्हा त्या क्रुद्ध मुलाच्या जागी नेऊन ठेवले.

५. ब्रायसिसचा विलाप : सौम्यतेची मर्यादा

पॅट्रोक्लसविषयीची सर्वांत हृदयस्पर्शी साक्ष एकोणिसाव्या सर्गात ब्रायसिस देते. जिच्यावरून संपूर्ण काव्यातील कलह पेटला, तिला कवीने एवढे एकच भाषण दिलेले आहे. आपला नवरा आणि तीन भाऊ अकिलीजच्या आक्रमणात मारले गेले तेव्हा पॅट्रोक्लस आपल्याला रडू देत नव्हता, अकिलीजशी तुझे रीतसर लग्न लावून देईन, फ्थियात लग्नाची मेजवानी होईल असे सांगत होता, हे ती आठवते. तू नेहमी मृदू होतास म्हणून तुझ्यासाठी मला रडू आवरत नाही, असे ती म्हणते.

केवळ करुणरसाचे उदाहरण म्हणून हा विलाप वाचला तर त्यातील विसंगती निसटून जाते. पॅट्रोक्लसने जो दिलासा दिला तो नवऱ्याच्या मारेकऱ्याशी लग्न लावून देण्याचा होता. हाच पॅट्रोक्लस पहिल्या सर्गात तिला दूतांच्या स्वाधीन करतो. नवव्या सर्गाच्या शेवटी त्याच्या स्वतःच्या शय्येवर इफिस नावाची दासी आहे. अकिलीजने स्कायरॉस जिंकल्यावर ती त्याला भेट दिलेली आहे. पॅट्रोक्लसची सौम्यता गुलामगिरीच्या व्यवस्थेच्या आत वावरते; त्या व्यवस्थेला ती हात लावत नाही. तरीही ब्रायसिसच्या दृष्टीने ती खरी होती, कारण छावणीत तिला मिळालेली तेवढीच माणुसकी होती. तिची साक्ष खोटी ठरवण्याचा अधिकार आजच्या वाचकाला नाही; पण ती किती अल्प गोष्टीसाठी कृतज्ञ होती, हे न पाहण्याचाही नाही.

होमरने हे पाहिलेले आहे. विलापानंतर लगेच तो सांगतो की, बाकीच्या स्त्रियाही आक्रोश करू लागल्या; पॅट्रोक्लस हे वरवरचे निमित्त होते, प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी रडत होती. स्वतःच्या मृतांसाठी उघडपणे रडण्याची मुभा नसलेल्या या बंदिवान स्त्रियांना विजेत्यांच्या मृतासाठी रडताना ती मिळाली. एका योद्ध्याच्या अंत्यविधीत लिर्नेससारख्या उद्ध्वस्त नगरांचे दुःख मिसळले, आणि युद्धाचा हिशेब ग्रीक छावणीबाहेरही पोहोचला.

६. दयेचा अंत

पॅट्रोक्लसच्या मृत्यूची बातमी ऐकल्यावर अकिलीज थेटिसला जे सांगतो, त्यातील एक ग्रीक क्रियापद ‘गमावले’ आणि ‘नष्ट केले’ असे दोन्ही अर्थ देते. मराठीत ‘मी त्याला घालवला’ असे म्हटले, तर त्या क्रियापदाची दुहेरी छटा काही अंशी येऊ शकेल. शोकाबरोबर अपराधाची जाणीवही त्यात आहे.

या जाणिवेचा परिणाम लायकेऑनच्या प्रसंगात दिसतो. अकिलीजने लायकेऑनला पूर्वी एकदा पकडून विकले होते. मोबदला देऊन सुटलेला हा तरुण घरी येऊन जेमतेम अकरा दिवस झाले आहेत. बाराव्या दिवशी तो पुन्हा अकिलीजच्या हाती सापडतो. पॅट्रोक्लस जिवंत होता तोपर्यंत ट्रोजनांना जीवदान देणे मला आवडत असे, आता कोणालाही सोडणार नाही, असे अकिलीज स्पष्ट सांगतो. ही केवळ रागाच्या भरातील भाषा नव्हे. अँड्रोमकीच्या पित्याला मारल्यावर त्याचे शस्त्रहरण न करता अकिलीजने त्याचे सन्मानाने दहन केले होते, हे सहाव्या सर्गात तिनेच सांगितलेले आहे. अकिलीजपाशी दया होती आणि ती पॅट्रोक्लसबरोबर गेली. लायकेऑनला ‘मित्रा’ म्हणून संबोधून, तुझ्याहून कितीतरी श्रेष्ठ असा पॅट्रोक्लसही मेला, मग तूही मर, असे अकिलीज त्याला म्हणतो आणि ठार करतो. पुढे पॅट्रोक्लसच्या चितेवर १२ ट्रोजन तरुणांची हत्या होते. सौम्य माणसाच्या सन्मानार्थ काव्यातील हे अत्यंत निर्घृण कृत्य व्हावे, यात युद्धाची सारी विपरीत तर्कपद्धती आलेली आहे.

व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९४ मधील ‘अकिलीज इन व्हिएतनाम’ या ग्रंथात या भागाचा विचार केला आहे. जिवलग सोबत्याच्या मृत्यूनंतर सैनिकाचे नैतिक भान सुटणे हा अनुभव त्यांना आपल्या रुग्णांच्या कथनांतही आढळला. शे यांचे विवेचन अकिलीजला समजून घेण्यासाठी उपयुक्त आहे. त्याला एवढीच पुस्ती जोडावीशी वाटते की, होमरच्या काव्यात हे भान सुटण्याची क्रिया अकिलीजपासून सुरू होत नाही. ती पॅट्रोक्लसमध्येच सुरू झालेली असते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. पॅट्रोक्लस हा कथानकासाठी योजलेला निमित्तमात्र नाही आणि निष्कलंक बळीही नाही. सौम्यता आणि क्रौर्य या दोन्ही गोष्टी कवीने त्याच्या ठिकाणी सारख्याच प्रामाणिकपणे दाखवल्या आहेत.

२. युद्ध त्याची सौम्यता तीन टप्प्यांवर नष्ट करते. प्रथम ती त्याच्या स्वतःच्या वर्तनातून जाते, नंतर त्याच्या देहाबरोबर जाते आणि शेवटी अकिलीजच्या मनातून जाते.

३. ती सौम्यता मर्यादित होती. ज्या स्त्रियांनी तिची साक्ष दिली, त्यांच्या दास्याला तिने धक्का लावला नाही. आणि कवीने ही मर्यादा झाकून ठेवलेली नाही.

४. ठरीव ओळींची पुनरावृत्ती ही होमरच्या काव्यात युद्धाची किंमत मोजण्याचे साधन बनते. पॅट्रोक्लसचा आत्मा आपले तारुण्य मागे ठेवून, नशिबाला रडत पाताळात गेला, हे सांगणाऱ्या दोन ओळी बाविसाव्या सर्गात हेक्टरसाठी जशाच्या तशा येतात. मारणारा आणि मारला गेलेला यांच्यासाठी कवीपाशी वेगळे शब्द नाहीत.

शेवटी आणखी एका पुनरावृत्तीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. चोविसाव्या सर्गात वृद्ध प्रायम मुलाचे प्रेत मागण्यासाठी अकिलीजच्या तंबूत येतो. दोघे आपापल्या मृतांसाठी रडतात आणि अकिलीज त्याला जेवायला बसवतो. गेलेली दया येथे काही काळ परतते. या जेवणाचे वर्णन नवव्या सर्गातील पाहुणचाराच्याच ओळींत केलेले आहे. भाकरीच्या सुबक टोपल्या एकाने मेजावर मांडल्या आणि मांस अकिलीजने वाटले, असा त्या ओळींचा आशय आहे. नवव्या सर्गात टोपल्या मांडणारा पॅट्रोक्लस होता. चोविसाव्या सर्गात त्याच जागी ऑटोमेडॉनचे नाव येते. होमर यावर काहीही भाष्य करीत नाही. टोपल्या मांडल्या जातात, मांस वाटले जाते, पाहुणा जेवतो. ओळीत फक्त एक नाव बदललेले असते.